बोलता बोलता माणूस गायला का लागतो?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अजूनही अधूनमधून जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग लागतो. आजी-आजोबांना घेऊन आलेली कॉलेजातली मुलं मध्यंतरात हमखास विचारतात, "चांगली बोलत होती की ती दोघं, मग मधेच गायला का लागली?" प्रश्न अगदी रास्त आहे. "तेव्हा तशी पद्धतच होती" असं म्हणून तो मिटवला जातो, आणि पद्धत का पडली हे विचारायचं राहून जातं.

हीच गोष्ट बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात होते. लोक आत येतात, छताकडे मोबाईल धरतात, "काय कोरलंय बघ!" म्हणतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. कोरलंय सुंदर, यात वाद नाही. पण त्या कोरण्यातून कुणाला काही सांगायचं होतं का? दगड आणि गाणं या दोन्ही ठिकाणी अडचण एकच आहे, आणि ती सोडवायला फार विद्वत्ता लागत नाही. कुठे बघायचं आणि काय ऐकायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ होतं.

आधी पंगत बघू

लग्नाच्या पंगतीत कुणी भाषण करत नाही. तरी पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला दहा मिनिटांत कळतं की या घरात मान कुणाचा. पाट कुणाला मांडलाय, वाढायला सुरुवात कुठून झाली, आग्रह कुणाला होतोय, घरच्या बायका कितव्या पंगतीला बसल्या. भात तोच, बुंदी तीच. मांडणीनं सगळं सांगून टाकलेलं असतं.

कलेतल्या या मांडणीला घाट म्हणतात. कलाकृती कशाबद्दल आहे, तो तिचा विषय. ती कशी रचली आहे, आधी काय, मधोमध काय, पुन्हा पुन्हा काय, कोण बोलतंय आणि कुणाला गप्प बसवलंय, हा तिचा घाट. दुसरा शब्द संकेत. करणाऱ्याला आणि बघणाऱ्याला दोघांनाही न सांगता ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे संकेत. पाट मानाचा, हे ठाऊक नसेल तर पाट नुसती फळी. काळ उलटला की संकेत विसरले जातात, घाट मात्र दगडात आणि छापील पुस्तकांत शिल्लक राहतो. जुनी कला अवघड वाटते ती यामुळे. चिठ्ठी हातात असते, तिची भाषा विसरलेली असते.

छतावरच्या बहात्तर पाकळ्या

कमल बस्ती १२०४ सालची. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, त्याचा मंत्री बीचिराज यानं ती बांधवली. आत नेमिनाथांची मूर्ती आहे. नेमिनाथ म्हणजे जैन परंपरेतल्या चोवीस तीर्थंकरांपैकी बावीसावे. मुखमंडपाच्या छताला उलटं उमललेलं मोठं कमळ आहे, त्यावरून बस्तीचं नाव पडलं. त्याच्या बहात्तर पाकळ्यांत बहात्तर तीर्थंकर आहेत: होऊन गेलेल्या काळातले चोवीस, चालू काळातले चोवीस आणि येणाऱ्या काळातले चोवीस.

हे छत उभं कसं राहतं ते आधी समजून घेऊ, कारण विचार त्या बांधणीवरच स्वार झालेला आहे. या भागातल्या चालुक्य पद्धतीत चार खांबांवर चार तुळया टाकतात, वर चौकोन उरतो. कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवल्या की चौकोनाचा अष्टकोन होतो. त्यावर एकावर एक दगडी कडी रचतात, प्रत्येक कडं खालच्यापेक्षा थोडं आत सरकलेलं. असं करत तोंड लहान होत जातं आणि शेवटी एका शिळेनं मिटतं. यात कमान नाही. प्रत्येक शिळेचा पुढचा भाग अधांतरी असतो आणि मागच्या भागावर वरच्या थरांचं वजन असतं. शिळा हावरेपणानं फार पुढे काढली, किंवा मागचं वजन कमी पडलं, की ती आत कलंडणार. म्हणून दर थराला थोडंथोडंच आत यावं लागतं, कडी वाढतात, आणि प्रत्येक कड्यावर कोरायला एक नवा गोल पट्टा मिळतो.

म्हणजे वर्तुळं काही जैनांची खासगी नाहीत. असली छतं याच मुलखातल्या शिवमंदिरांतही आहेत. कमल बस्तीत नवं काय, तर त्या वर्तुळात कुणाला बसवलं आणि किती जणांना. जैन विचारात काळ हा चाकासारखा आहे. तो उतरतो, चढतो, पुन्हा उतरतो. त्याच्या टप्प्यांना 'आरे' म्हणतात, आणि आरा म्हणजे चाकातला दांडाच. या चाकाला आरंभ नाही, शेवट नाही. आता बहात्तर मूर्ती भिंतीवर ओळीनं मांडून बघा. ओळ म्हटली की पहिला आला, शेवटचा आला. होऊन गेलेले दाराजवळ, येणारे पार टोकाला. कमळाच्या पाकळ्यांत बसवले की कुणीच पहिला नाही आणि अजून न जन्मलेलासुद्धा होऊन गेलेल्याइतकाच जवळ. "काळ अनादि आहे" हे वाक्य तिथे कुठेही लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरजही नाही. मधोमध उभं राहून मान वर केली की कुठून मोजायला सुरुवात करावी हेच कळत नाही. माझ्या मते ते न कळणं हाच त्या छताचा अर्थ आहे.

बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी करा. उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या. मंडपात उजेड बाजूनं शिरतो, जमिनीवरून परतून वर जातो, त्यामुळे कोरीव भागाच्या सावल्या उलट्या पडतात आणि घाईत काहीच उमटत नाही. मोबाईलचा फ्लॅश तर मारूच नका, समोरून उजेड पडला की कोरीव कामाची सगळी खोली सपाट होऊन जाते. फोटोत कमळ दिसतं, पण ते आपल्या डोक्यावर ओणवलेलं आहे हे जाणवत नाही.

खांब तोच, जागा वेगळी

याच किल्ल्यात साफा मशीद आहे, विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असद खान लारी याच्या काळातली, १५१९ सालची. तिच्या खांबांपैकी दोन खांबांवर आधीचे लेख आहेत: एक ११९९ चा, त्याच चौथ्या कार्तवीर्याचा, दुसरा १२६१ चा, यादव राजा कृष्ण याचा. भाषा कन्नड, लिपी नागरी. आधीच्या वास्तूत तो खांब दान आणि दानी राजा यांची आठवण होता. मशिदीत तो छत पेलतो आणि सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली तेही सांगतो. घाट बदलला नाही, भोवतीचे संकेत बदलले, म्हणून अर्थ बदलला. दगडाची एक कपचीही न काढता.

सूत्रधाराचं गाणं पात्राच्या तोंडी कसं आलं

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ.

१८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आली. ते बघून सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' झालं. त्या नाटकात गाणं होतं, पण गायचा सूत्रधार. तो झांज घेऊन उभा राहायचा, पद्यातून प्रसंग सांगायचा, आणि राम, सीता, रावण हावभाव करून आयत्या वेळी सुचेल तसं बोलायचे. पात्राच्या मनात काय चाललंय हेसुद्धा सूत्रधारच सांगणार. देव-राक्षसांची सर्वांना पाठ असलेली कथा, सांगणारा एक, बाकीचे ती दाखवणारे. ज्या समाजात माणसाचं काय होणार हे घराणं, जात आणि वडीलधारे ठरवतात, त्या समाजाला हा घाट अगदी चपखल बसतो.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. नाटककार बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा, म्हणजे 'सीता स्वयंवर'च्याच वर्षीचा. त्यांनी गाणं सूत्रधाराकडून काढून पात्राला दिलं. शकुंतलेच्या मनातलं शकुंतलाच गाऊ लागली. आज हे इतकं सहज वाटतं की त्यात काही घडलं असं वाटतच नाही. पण पंगतीच्या भाषेत सांगायचं तर पाट हलला होता. "तिला काय वाटतं" हे आता दुसरं कुणी सांगणार नव्हतं.

दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, 'सौभद्र'. विषय महाभारतातला: बलराम सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवतो, तिला अर्जुन हवा आहे. आणि प्रेक्षकांच्या घरात काय चाललं होतं? १८८४ मध्ये रखमाबाईंवर मुंबईत खटला भरला गेला. लहानपणी लावलेलं लग्न आपल्याला मान्य नाही, नांदायला जाणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. 'सौभद्र'मध्ये यातलं एक अक्षर नाही, ते हसतंखेळतं नाटक आहे. पण लग्न ठरवली गेलेली मुलगी रंगमंचावर मध्यभागी उभी राहून, सगळे थांबलेले असताना, आपलं मन गाते. त्या काळच्या किती घरांत मुलीला एवढा वेळ सलग बोलू दिलं जात होतं? (हे गाणारा नट पुरुष होता, कारण बाईनं रंगमंचावर यायचं नाही हाही त्या काळचा संकेत. घाट पुढे गेला आणि संकेत मागे राहिला, असं कलेत नेहमी होतं.)

म्हणून माणूस बोलता बोलता गायला लागतो. बोलणं समोरच्याशी असतं, पद स्वतःशी. गोष्टीतला वेळ थांबतो आणि मनातला चालू राहतो. स्टँडवर बस उभी असते पण इंजिन चालू असतं, तसं.

सगळीच पदं वेळ थांबवत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. साकी या छंदाच्या चरणात २८ मात्रा असतात, १६ वर थोडं थांबून पुढे १२. दिंडीत १९ मात्रा, ९ नंतर विसावा आणि मग १०. (मात्रा म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ: ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन.) साकी-दिंडीत ताना नसतात, हकीकत भराभर पुढे सरकवायची, कोण कुठून आला ते सांगायचं, तर हे छंद. मनाची अवस्था मांडायची असेल तर धृपद असलेलं, पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर परतणारं पद. कुठे साकी आणि कुठे पद, हे बघितलं की नाटककाराला प्रेक्षकाला कुठे पळवायचं होतं आणि कुठे थांबवायचं होतं, ते कळतं.

वर बारीक अक्षरांत छापलेली चाल

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक मिळालं तर एखाद्या पदाच्या डोक्यावर बघा. "चाल" असं छापून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोन-चार शब्द असतात. म्हणजे हे पद त्या गाण्याच्या सुरावर म्हणायचं. कधी तिथे लावणी असते, कधी कीर्तनातलं पद, कधी बायकांचं घरगुती गाणं. आणि कधी देवनागरीत छापलेले कन्नड शब्द. गुर्लहोसूरच्या माणसाच्या कानात ते सूर असणारच.

वाकळ शिवताना आजीचं लुगडं, बाबांचं धोतर, जुना परकर असं घरातलंच कापड घेतात. पांघरणाऱ्याला ऊब कापडाची मिळते तशी ओळखीचीही मिळते. उसन्या चालीचं तसंच आहे. पद नवं, प्रसंग नवा, पण सूर प्रेक्षकाच्या कानात आधीच मुरलेला. पाळण्याच्या चालीवर बांधलेल्या पदात शब्द काहीही असोत, माया सुरातून येऊन पोचते.

खात्री करायची तर घरी करून बघा. "आज अजून पाऊस आला नाही" हे वाक्य घ्या. एकदा पाळण्याच्या चालीवर म्हणा, मग आरतीच्या, मग लावणीच्या. एका चालीत ती काळजी होते, एका चालीत गाऱ्हाणं, एका चालीत कुणाची तरी वाट बघणं. चाल चुकीची पडली तर काय होतं तेही यात कळतं: ऱ्हस्व अक्षर ताणावं लागतं, दीर्घ अक्षर चिमटावं लागतं, "पाऊस" चा "पऊस" होतो आणि ऐकणारा हसतो. चांगल्या पदकर्त्याची निम्मी मेहनत एवढं टाळण्यातच जाते.

गाणं वाढलं, नाटक अडलं

किर्लोस्करांचे बेळगावातले विद्यार्थी गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये 'शारदा' आणलं. म्हातारा नवरदेव, कोवळी मुलगी. आता पुराणाचा पडदाही नाही. पुढे १९११ मध्ये 'मानापमान', चाली गोविंदराव टेंबे यांच्या. १९१६ मध्ये 'स्वयंवर', चाली भास्करबुवा बखले यांच्या. या चाली मैफलीतल्या रागदारीतून आल्या. ख्यालात, म्हणजे एकच छोटी बंदिश दरवेळी नव्यानं फुलवत न्यायच्या गायकीत, विस्ताराला अंत नसतो. तो गुण नाटकात शिरला. पद तीन मिनिटांवरून पंधरावर गेलं, वन्स मोअर झाला की पुन्हा पहिल्यापासून. पात्राच्या मनासाठी थांबवलेला वेळ गायकाच्या कसबाला मिळाला. रसिकांना त्यात अपार सुख मिळालं, आणि नाटक म्हणून ते जड होत गेलं. प्रयोग पहाटेपर्यंत लांबायचे. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि दोन-अडीच तासांत गोष्ट संपवू लागला, तेव्हा या घाटाला दम धरता आला नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच राजकारणाचा विचार गद्य नाटकानं उचलला होता. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचं 'कीचकवध' १९०७ चं. कीचक, द्रौपदी, भीम ही सगळी महाभारतातली नावं, पण प्रेक्षक कीचकाच्या जागी इंग्रजांचा माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याला बघत होते. शब्दांत सरकारविरुद्ध काही नव्हतं. अर्थ संकेतात होता, आणि तो सगळ्या थिएटरला ठाऊक होता. सरकारलाही कळायला तीनेक वर्षं लागली. १९१० मध्ये बंदी आली.

दुसरीकडे ग्रामोफोनची तबकडी आली. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मग मुखडा, एक-दोन जागा, तान आणि समाप्ती. ज्यांना थोडक्यात सांगता येत होतं त्यांचं सोनं झालं.

आणि बेळगाव जिल्ह्यातल्याच सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले, घरची भाषा कन्नड असलेले गायक कुमार गंधर्व. क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालं, १९४८ पासून ते देवासला राहिले आणि माळव्यातल्या गाणाऱ्यांकडून कबीराची निर्गुण भजनं त्यांनी कानात साठवली. निर्गुण म्हणजे ज्याला रूप नाही तो. रूप नसलेल्याबद्दल गायचं कसं? त्यांच्या गाण्यात स्वर अचानक उंच फेकला जातो, तुटतो आणि पुढे नुसता तंबोरा वाजत राहतो. ती रिकामी जागा भरायची घाई ते करत नाहीत. श्वास अपुरा पडायचा म्हणून तसं, असं म्हणणारे आहेत. पण त्यांच्या द्रुत ताना ऐकल्या की ते पटत नाही. सांगायचं होतं ते त्या मोकळ्या जागेतच होतं.

"हा अर्थ आपणच मागाहून चिकटवतो, नाही का?"

कधीकधी चिकटवतोही. म्हणून पारखून घ्यावं. एक गोष्ट बदलून बघायची: बहात्तर मूर्ती ओळीत मांडल्या, पद सूत्रधाराकडे परत दिलं, तर अर्थ बदलतो का? बदलत नसेल तर आपण फार ताणतोय. आणि कागदाचा किंवा दगडाचा पुरावा शोधायचा: शिलालेख, छापलेली चाल, बंदीचा हुकूम. कमल बस्ती श्रद्धेची तशी रट्ट दरबाराच्या वैभवाचीही खूण आहे; मंदिर कुणी बांधवलं हे लेखात लिहून ठेवतात ते उगाच नाही. पाथरवट पोटासाठी राबत होता, हेही खरं. पण पोटासाठी राबणाऱ्यालाही बहात्तरच पाकळ्या का, हे कुणीतरी सांगितलं असणारच.

"चाल कन्नड, शब्द मराठी, मग पद कुणाचं?"

१ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्याच्या स्थापनेचा दिवस, जवळ आला की आपल्याकडे बेळगावात हा प्रश्न वेगळ्याच धारेनं विचारला जातो. त्यात दोन प्रश्न मिसळतात. गाव कुठल्या राज्यात असावं हा एक, आणि सूर कुठून आला हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पदात शोधू नये. किर्लोस्कर होते तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला तो १९५६ मध्ये. दुसऱ्याचं उत्तर खुद्द नाटककारानंच छापून ठेवलंय, पदाच्या डोक्यावर, बारीक अक्षरांत. मराठी शाळा आणि मराठी पाटी यांच्यासाठी भांडणाऱ्यानं ती ओळ झाकायचं काही कारण नाही. कन्नड चालीवर मराठी मुलीचं मन मांडलं गेलं, यात दोघांपैकी कुणाचंही काही कमी होत नाही. नागरी अक्षरांतला कन्नड लेख किल्ल्यातल्या त्या खांबावर सातशेहून अधिक वर्षं असाच आहे.

"पण मला राग ओळखताच येत नाहीत"

नको ओळखायला. पुढच्या प्रयोगाला जाताना एवढंच करा. पद सुरू व्हायच्या आधीचं शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण त्याच्यापुढे बोलणं शक्य राहिलेलं नसतं. पद चालू असताना मंचावरची बाकीची पात्रं काय करतात ते बघा. ऐकत असतील तर ते पद त्यांच्यासाठी आहे, थिजली असतील तर फक्त आपल्यासाठी. मग तबल्याकडे कान द्या. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम. तिथे ठोका वजनदार पडतो आणि जाणकारांच्या माना हलतात. धृपदातला कोणता शब्द दरवेळी त्या ठोक्यावर येतो ते पकडा. नाव असेल, "नको" असेल, "कसा" असेल. नटाला बाकीचे शब्द फिरवायची मुभा आहे, तो शब्द मात्र समेवर आणावाच लागतो. पद संपल्यावर शेजारच्या मुलाला तो शब्द विचारा.